दोन बॅटऱ्या आणि एक पाकट

जुलैमध्ये हर्णैहून मामेभावाचा फोन आला. पावसाळी बंदीचे दिवस, होड्या वर ओढून शाकारलेल्या, त्यामुळे स्वारी निवांत होती. (समुद्र चालू असला की त्याचा फोन फक्त लग्नाच्या आमंत्रणापुरता येतो!) म्हणाला, "ताई, दोन नव्या बॅटऱ्या आणल्यात, बारा व्होल्टच्या. जोडू कशा सांग. तू फिजिक्सवाली ना!" मी कॉलेजात शिकवते ते फिजिक्स आणि खाऱ्या हवेत, डुलणाऱ्या होडीवर, हातात पाना घेऊन करायचं फिजिक्स यात बरंच अंतर आहे, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं. असो. उत्तर मी दोन मिनिटांत दिलं. पण मग चार दिवस तोच प्रश्न डोक्यात घेऊन फिरले, जुनी पुस्तकं काढून बसले, आणि लक्षात आलं की 'अनेक बॅटऱ्या जोडायच्या कशा' हा प्रश्न बॅटरीपेक्षाही जुना आहे. त्याची सुरुवात खाऱ्या पाण्यात, एका माशापाशी होते. म्हणून हे लिहिणं.

पण आधी आमच्या घरातली गोष्ट. नातेवाईकांना ठाऊक आहे, बाकीच्यांसाठी सांगते.

मामाच्या पहिल्या होडीचं इंजिन हॅन्डल मारून सुरू व्हायचं. दोघांनी जोर लावायचा, इंजिनाने 'फट्' म्हणायचं, हॅन्डल उलटं फिरलं तर मनगट गेलंच. मग १९९०च्या सुमारास नवं इंजिन आलं, त्याला सेल्फ होता. बटण दाबलं की चालू. बॅटरी एकच. त्याच बॅटरीवर दिवे, पुढे त्याच बॅटरीवर वायरलेस. एका रात्री जाळी टाकून, इंजिन बंद करून, दिवा लावून मंडळी झोपली. पहाटे बटण दाबलं तर नुसतं 'टक्'. बॅटरी उतरलेली. हॅन्डल मारायची सोय नव्या इंजिनाला नव्हतीच. वायरलेसही त्याच बॅटरीवर, म्हणजे हाक मारायचीही सोय गेली. वारा पडलेला होता म्हणून निभावलं. दुपारी दुसरी एक लाँच दिसली, खलाशांनी सदरे काढून हलवले, तिने ओढत आणलं. बर्फ वितळला होता, मासळी मातीमोल गेली. मामी दोन दिवस काही बोलली नाही आणि मग एकदम सगळंच बोलली.

मामाने दुसरी बॅटरी आणली. पहिलीशेजारी ठेवली, प्लसला प्लस, मायनसला मायनस जोडून टाकली. आता दुप्पट वेळ दिवे चालतील, मग काळजी कसली? पुढच्याच महिन्यात दोन्ही बॅटऱ्या एकत्र उतरल्या. अगदी शिस्तीत, एकीच्या पावलावर दुसरीचं पाऊल. दोन भांडी खालून नळीने जोडली तर पाणी दोन्हीतलं सारखंच खाली जाणार, तसं. यावेळी बंदर जवळ होतं एवढंच.

तर आता इतिहास.

समुद्रात पाकटाची एक जात असते, हात लावला की झटका देते. टॉर्पेडो म्हणतात तिला. (पाणबुडी जे सोडते त्याला हे नाव या माशावरूनच मिळालं, उलट नव्हे.) कोळ्यांना हा झटका हजारो वर्षं माहीत होता, पण तो झटका म्हणजे वीज हे १७७२मध्ये जॉन वॉल्श नावाच्या माणसाने फ्रान्सच्या किनाऱ्यावर, ला रोशेलला जाऊन, तिथल्या कोळ्यांनी पकडून आणलेल्या पाकटांवर प्रयोग करून दाखवलं. हा वॉल्श आधी ईस्ट इंडिया कंपनीत नोकरीला होता, क्लाइव्हचा चिटणीस. हिंदुस्थानातून मिळवलेल्या पैशावर त्याचं विज्ञान चाललं होतं हे सांगून पुढे जाते, नाहीतर लेख भलतीकडे जाईल.

वॉल्शने पाकटं जॉन हंटर या शरीरशास्त्रज्ञाकडे दिली. हंटरने ती कापली, आणि त्याला दोन्ही बाजूंना मधमाशांच्या पोळ्यासारखे उभे स्तंभ दिसले. एका बाजूला मोजले तर ४७० भरले. एका मोठ्या पाकटात एका बाजूला १,१८२ होते. प्रत्येक स्तंभ म्हणजे पातळ चकत्यांची चळत, एका इंचात दीडशे पडदे. आजच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक चकती ही एक चिमुकली बॅटरी. स्तंभात चकत्या एकावर एक, म्हणजे एकसर जोडणी, आपण सिरीज म्हणतो ती. आणि स्तंभ शेजारी शेजारी, म्हणजे समांतर जोडणी, पॅरलल.

शाळेत शिकलेलं आठवतंय ना? एकसर जोडलं की व्होल्ट वाढतात. समांतर जोडलं की व्होल्ट तेवढेच, पण करंट जास्त मिळतो, जास्त वेळ मिळतो.

आता याच्या शेजारी दुसरा मासा ठेवा. दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमध्ये वाम माशासारखा दिसणारा एक विजेचा मासा असतो. त्याच्या शरीरात चकत्या लांबच लांब रांगेत, हजारोंनी एकसर जोडलेल्या. त्याचा झटका कित्येकशे व्होल्टचा. २०१९मध्ये वर्णन केलेल्या एका जातीत ८६० व्होल्ट मोजले गेले. समुद्रातल्या पाकटाचं काम साधारण पन्नासेक व्होल्टमध्ये भागतं, मोठ्या जातींत थोडे जास्त. एवढा फरक का? कारण नदीचं गोडं पाणी विजेला अडवतं, तिथे जोराने ढकलावं लागतं, म्हणून लांब रांग. समुद्राचं खारं पाणी वीज सहज वाहून नेतं, तिथे जोर कमी चालतो पण प्रवाह भरपूर लागतो, म्हणून शेकडो स्तंभ शेजारी शेजारी. जोडणी कशी करायची हे बाहेर काय आहे त्यावर ठरतं. हे मी वर्गात तासभर फळ्यावर लिहून सांगते आणि मुलं जांभया देतात. या वर्षीपासून पाकट आणि वाम घेऊन जाणार आहे (म्हणजे चित्रं!).

हंटरच्या मोजणीनंतर हेन्री कॅव्हेंडिश या अतिशय लाजाळू आणि अतिशय बुद्धिमान माणसाने एक कृत्रिम पाकटच बनवलं. आधी लाकडाचं, मग चामड्याचं, खाऱ्या पाण्याच्या हौदात ठेवलेलं, आणि त्याला जोडल्या होत्या ४९ लेडन बरण्या. लेडन बरणी म्हणजे आत-बाहेर धातूचा पत्रा लावलेली, वीज साठवणारी काचेची बरणी. १७७५मध्ये त्याने काही लोकांना घरी बोलावून त्या हौदात हात घालायला लावले आणि त्यांना खराखुरा झटका बसला. एरवी माणूस टाळणाऱ्याने पाहुणे बोलावले ते शॉक द्यायला! पण मुद्दा त्याने पक्का पकडला होता. विजेचा 'जोर' आणि विजेचा 'साठा' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्होल्ट हा शब्द तेव्हा नव्हता.

बॅटरी हा शब्द मात्र होता. तो बेंजामिन फ्रँकलिनचा. १७४९च्या सुमारास त्याने खिडकीच्या अकरा मोठ्या काचा घेतल्या, प्रत्येकीच्या दोन्ही बाजूंना शिशाचे पातळ पत्रे लावले, त्या एकमेकींना जोडल्या आणि त्याला 'विजेची बॅटरी' म्हटलं. हा शब्द तोफखान्यातला. एका जागी मांडलेल्या, एकत्र डागायच्या तोफा म्हणजे बॅटरी. म्हणजे एकटी बॅटरी हा मुळातच चुकीचा शब्दप्रयोग! बॅटरी म्हणजेच अनेक. आपल्या टॉर्चमधल्या त्या गोल नळकांडीला दुकानदार 'सेल' म्हणतो, तो बरोबर म्हणतो.

मग १८००मध्ये व्होल्टा. जस्त आणि चांदी (किंवा तांबं) यांच्या चकत्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा, अशी चळत. लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून त्याने हे कळवलं, आणि त्या पत्रात या चळतीला त्याने 'कृत्रिम विद्युत अवयव' म्हटलं, पाकटाच्या अवयवासारखा. मला हे वाचून फार बरं वाटलं. होडीवर बॅटरी ही जमिनीवरून आलेली उपरी वस्तू आहे असं मी समजत होते. तिचा पहिला नमुना तर जाळ्यातूनच निघाला होता.

खाऱ्या पाण्यात दोन धातू ठेवले की बॅटरी तयार होते, तुमची इच्छा असो वा नसो. हे सर्वात आधी जहाजवाल्यांना महागात पडलं. ब्रिटिश आरमाराच्या लाकडी जहाजांना तळाला तांब्याचे पत्रे मारत, ते समुद्रात झिजत. १८२४मध्ये हंफ्री डेव्हीने उपाय काढला: तांब्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडा, मग समुद्र त्यांना खाईल, तांब्याला सोडेल. ज्या जहाजांवर हा प्रयोग झाला त्यांत 'समारंग' नावाचं एक जहाज होतं, आपल्या कोचीनला बांधलेलं. तांबं खरोखरच वाचलं. पण गंमत अशी की तांबं थोडं थोडं विरघळत होतं म्हणूनच त्यावर शिंपले-शेवाळ धरत नव्हतं. तांबं झिजायचं थांबलं आणि जहाजांच्या तळाला जंगल उगवलं, वेग पडला. १८२५मध्ये आरमाराने समुद्रावरच्या जहाजांवरून हे तुकडे काढायला लावले. डेव्हीच्या मनाला हे फार लागलं म्हणतात. पण त्याची युक्ती मेली नाही. आज मामाच्या होडीच्या पंख्याजवळ जस्ताचा जो ठोकळा बोल्टाने बसवलेला असतो आणि दरवर्षी बदलावा लागतो, तो डेव्हीचाच. वायरिंग ढिसाळ असेल, करंट ओल्या लाकडातून गळत असेल, तर हा ठोकळा वर्षाऐवजी काही आठवड्यांत संपतो आणि मग पंख्याची पाळी येते. मामेभावाला हे मुद्दाम सांगितलं. त्याचा ठोकळा गेल्या वर्षी फारच लवकर संपला होता आणि तो दुकानदाराला शिव्या घालत होता.

विजेवर होडी चालवायचा पहिला गाजलेला प्रयत्न १८३८मध्ये रशियात, सेंट पीटर्सबर्गला नेव्हा नदीवर झाला. मॉरिट्झ याकोबी नावाच्या जर्मन संशोधकाने अठ्ठावीस फुटी होडी डझनभर माणसं बसवून चालवली. त्यासाठी जस्त-तांब्याचे ३२० सेल लागले! वेग माणूस सावकाश चालेल एवढा. पुढच्या वर्षी जस्त-प्लॅटिनमचे ६४ सेल घेऊन होडी जरा जोरात गेली, पण त्या सेलमध्ये नायट्रिक आम्ल असे आणि त्यातून तपकिरी विषारी वाफा निघत. झारच्या पैशाने प्लॅटिनम, खोकणारे प्रवासी आणि विझलेले सेल पुन्हा भरायची सोय नाही. प्रकरण तिथेच थांबलं.

पुन्हा भरता येणारी बॅटरी १८५९मध्ये गास्तों प्लांते या फ्रेंच माणसाने केली: शिशाचे पत्रे, गंधकाम्ल, बस. आपल्या होडीतली, ट्रॅक्टरमधली, इन्व्हर्टरखालची बॅटरी अजून तीच आहे. (पुढे १८८१मध्ये फोरने पत्र्यांना शिशाचा लेप द्यायची पद्धत काढली तेव्हा ती धंद्याच्या उपयोगाची झाली.) पण मला आवडते ती प्लांतेची दुसरी करामत. त्याने अनेक सेल एका फिरत्या दांड्याला असे जोडले की दांडा एका बाजूला फिरवला की सगळे समांतर, दोन साध्या सेलवर सावकाश भरून घ्यायचे. दुसऱ्या बाजूला फिरवला की सगळे एकसर, एकदम जोरात रिकामे करायचे. भरताना शेजारी शेजारी, लढताना एकामागे एक. १९१२मध्ये अमेरिकेत कॅडिलॅक मोटारीला चार्ल्स केटरिंगने पहिला सेल्फ बसवला, त्यातही हेच: इंजिन फिरवताना बॅटरीचे भाग एकसर होऊन २४ व्होल्ट, दिव्यांसाठी समांतर होऊन ६ व्होल्ट. हॅन्डलने मनगटं मोडायची थांबली ती तिथून. आमच्या मामाकडे ती सुधारणा पोचायला फक्त अठ्ठ्याहत्तर वर्षं लागली.

१८८२मध्ये लंडनच्या थेम्स नदीत 'इलेक्ट्रिसिटी' नावाची पंचवीस फुटी लोखंडी लाँच चालली, तिच्यात शिशाचे ४५ सेल एकसर, नव्वद-एक व्होल्ट. लोकांना वाटलं आता वाफ गेली. गेली ती वाफच, पण तिची जागा तेलाने घेतली, आणि मासेमारी होडीवर बॅटरी मालकीण न होता मोलकरीण म्हणून आली: सेल्फ मार, दिवा लाव, वायरलेस चालव. आपल्याकडे हे १९५०च्या दशकानंतरचं. केरळात इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प १९५३मध्ये सुरू झाला, इकडे सातपाटीसारख्या बंदरांनी इंजिनं बसवायला घेतली. इंजिन आलं, मागोमाग वीज आली.

आणि वीज आली की तिला खाणारी तोंडं वाढतात. जपानमध्ये नागासाकीजवळ फुरुनो नावाचे दोघे भाऊ होड्यांवर विजेची कामं करायचे, १९३८पासून. एका कोळ्याने त्यांना सांगितलं की जिथे मासे असतात तिथे पाण्यात बुडबुडे येतात. बुडबुड्यांवरून आवाज परत येईल या विचाराने ते मागे लागले, युद्धानंतर आरमाराची खोली मोजायची टाकाऊ यंत्रं घेऊन खटपट केली आणि १९४८मध्ये मासे शोधायचं यंत्र विकायला काढलं. म्हणजे वायरमन आणि तांडेल यांच्या गप्पांतून ते आलं! आपल्याकडे मग ते यंत्र, जीपीएस, व्हीएचएफ, आणि २००८च्या मुंबईवरच्या हल्ल्यानंतर होडी ओळखायच्या आणि संकटात हाक मारायच्या यंत्रांवर वाढलेला भर. आणि २०१७मध्ये केंद्राने बंदी घातली तरी चोरून चालणारे ते एलईडीचे झगझगीत दिवे, ज्यांच्यासाठी बॅटरी पुरतच नाही, होडीवर जनरेटर चढवतात. त्या दिव्यांनी लहान मासेमाऱ्याच्या वाट्याचं काय केलं यावर मामा तासभर बोलू शकतो, आणि त्याचं खरं आहे. पण तो वेगळा लेख.

आता मामेभावाला फोनवर काय सांगितलं ते. त्याचं इंजिन बारा व्होल्टचं, तेव्हा एकसर जोडायचा प्रश्नच नाही. चोवीसचा सेल्फ असला तर दोन बाराच्या एकसर लावाव्याच लागतात, पण तिथे लोक एक घोळ हमखास करतात: वायरलेस बाराचा असतो म्हणून दोघींपैकी एकीवरूनच तार काढतात. मग ती एकटी उतरत जाते, दुसरी नको इतकी भरत राहते, आणि वर्षभरात दोन्ही बाद. ट्रकवाले हेच करतात. लागल्यास चोवीसचे बारा करणारा वेगळा कन्व्हर्टर मिळतो.

समांतर जोडू का? तर मामाचं उदाहरण घरातच आहे. कायमची जोडली तर दोन बॅटऱ्यांची एकच बॅटरी होते, आणि एकीतला एखादा सेल आतून शॉर्ट झाला तर ती रात्रभर दुसरीला पिऊन टाकते. म्हणून एक बॅटरी फक्त सेल्फला. दुसरी दिवे, वायरलेस, जीपीएस सगळ्याला. जातही वेगळी हवी: सेल्फची बॅटरी पातळ आणि पुष्कळ पत्र्यांची, क्षणभर भरपूर देणारी, दुसरी जाड पत्र्यांची, रात्रभर थोडं थोडं देणारी. मध्ये 'एक–दोन–दोन्ही–बंद' असा फिरवायचा स्विच. अडचण आली तरच 'दोन्ही'. इंजिन चालू असताना 'बंद'वर कधीच न्यायचा नाही, अल्टरनेटरचे डायोड उडतात. हल्ली आपोआप जोडणारा-सोडणारा रिलेही मिळतो: इंजिन चालू होऊन व्होल्ट चढले की दोन्ही भरतो, इंजिन बंद झालं की दोघींना वेगळं करतो. प्लांतेचा दांडा आठवला ना?

दिव्याच्या बाजूला पुढे कधी दोन बॅटऱ्या समांतर कराव्याशा वाटल्या तर एका वयाच्या, एका बनावटीच्या घ्यायच्या, आणि प्लसची तार पहिलीवरून, मायनसची दुसरीवरून, अशी तिरपी काढायची; म्हणजे भार दोघींवर सारखा पडतो. आणि बॅटऱ्या तळाच्या पाण्यापासून उंच, बांधून, हवा खेळेल अशा. समुद्राचं पाणी बॅटरीत गेलं तर क्लोरिन वायू तयार होतो. जुन्या पाणबुड्यांतले लोक टॉर्पेडोइतकेच याला घाबरत.

त्याने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "बाबा पण हेच सांगतो. फक्त पाकटाचं सांगत नाही." मामाने म्हणे सेल्फच्या बॅटरीच्या पेटीवर लाल ऑइलपेंटने 'हात लावू नये' असं लिहून ठेवलंय, जुन्या होडीवर होतं तसंच. नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यात जाईल तेव्हा फोटो पाठवतो म्हणाला.

(बाळा, वाचत असशील तर: प्लसच्या तारेवर बॅटरीजवळच फ्यूज घातलास का? ते तू सांगितलंच नाहीस.)